गाऱ्हाणें आणि शिस्त

नोव्हेंबर महिना लागला, पावसाचा शेवटचा शिडकावा ओसरून कोंकणांतल्या वाटा कोरड्या झाल्या, कीं मालवणच्या बाजारपेठेंतील बँकांच्या पायऱ्यांवर एक विशेष प्रकारची मंडळी दिसूं लागते. ताठ मान, आंखूड कापलेले केंस, खिशांत नीट घडी घालून ठेवलेले कागद, आणि रांग नसली तरी आपोआप रांगेंत उभें राहण्याची संवय, या खुणांवरून त्यांस ओळखावयास वेळ लागत नाहीं. हे माजी सैनिक. आपण अद्याप हयात आहों असा दाखला निवृत्तिवेतन घेणाऱ्या प्रत्येकास वर्षांतून एकदां द्यावा लागतो, आणि त्याचा नेहमींचा महिना हाच. आतां ‘स्पर्श’ नांवाच्या संगणकीय व्यवस्थेंतून आंगठ्याच्या ठशावर हा दाखला घरबसल्याही देतां येतो. परंतु सत्तरी ओलांडलेल्या आंगठ्याच्या रेषा झिजलेल्या असतात व यंत्र त्यांस ओळख देत नाहीं. शिवाय घरबसल्या काम झालें तर बाजारांत यावयाचें निमित्तच नाहींसें होतें, आणि तें कोणासही नको असतें.

दाखल्याचें काम दहा मिनिटांचें, पण बोलणें दुपार टळेपर्यंत चालतें. बँकेच्या पायरीवरून मंडळी चहाच्या हॉटेलांत जाते, तेथून जेटीच्या कठड्यावर. समोर पाण्यांत सिंधुदुर्गाचा तट, आणि पाठीमागें मासळीच्या टोपल्यांची ये-जा. एखादा निवृत्त पोलीस हवालदार येऊन मिळतो. तटरक्षक दलांतून नुकताच परत आलेला तरुण खलाशी येतो. किनाऱ्यावरचा जीवरक्षक, रुग्णवाहिकेचा चालक, दांडीच्या किनाऱ्यावरचा एखादा जुना तांडेल, असे सगळे त्या कठड्यावर येऊन टेकतात. संकटापासून लोक ज्या दिशेनें पळतात तिच्या उलट दिशेनें धांवण्याचा ज्यांचा धंदा होता किंवा आहे, अशांची ती बैठक. बोलणें मात्र अगदीं उघडें. निवृत्तिवेतन, अग्निवीर, किनाऱ्याची राखण, सरकारी कचेऱ्यांतील हेलपाटे, कोणताही विषय वर्ज्य नाहीं आणि कोणाचाही मुलाहिजा नाहीं.

हा मोकळेपणा पाहून शहरांतून आलेला पाहुणा चकित होतो. सैनिक म्हणजे आज्ञाधारक व मितभाषी मनुष्य, अशी त्याची कल्पना असते. ती कल्पना खोटी नाहीं. ती अर्ध्या आयुष्यापुरतीच खरी आहे, एवढेंच. उरलेल्या अर्ध्या आयुष्याचें बोलणें समजावयाचें असेल तर आधीं त्या पूर्वार्धांतील मौन समजून घेतलें पाहिजे.

भारताच्या राज्यघटनेनें प्रत्येक नागरिकास भाषणाचें व संघ स्थापण्याचें स्वातंत्र्य दिलें. तथापि त्याच घटनेच्या तेहेतिसाव्या अनुच्छेदानें, सशस्त्र दलांतील व सार्वजनिक सुव्यवस्था राखणाऱ्या दलांतील लोकांना हे हक्क कोणत्या मर्यादेपर्यंत असावेत हें ठरविण्याचा अधिकार संसदेकडे सोंपविला. १९५० सालच्या सेना अधिनियमाचें एकविसावें कलम त्याच आधारावर उभें आहे. कामगार संघटनेचा सभासद होणें, राजकीय सभेंत भाग घेणें, वर्तमानपत्रांस मजकूर देणें, या सर्वांवर त्या कलमान्वयें बंधनें येतात. नौदलाच्या १९५७ सालच्या कायद्यांतही अशा तरतुदी आहेत, आणि पोलिसांसाठीं १९६६ सालचा स्वतंत्र कायदा आहे. हीं बंधनें कठोर वाटलीं तरी निष्कारण नाहींत. ज्याच्या हातीं शस्त्र आहे त्यानें वादांत एका पक्षाचा कैवार घेतला, कीं दुसऱ्या पक्षाला वाद घालण्याचें धैर्य उरत नाहीं. ज्या देशांत शिपाई फार बोलूं लागले तेथें नागरिकांस गप्प बसावें लागलें, याचीं उदाहरणें पाहण्यासाठीं आशिया खंड सोडून जावयास नको.

पण या नियमांपैकीं एक नियम मालवणी माणसाच्या स्वभावास विशेष जड जातो. सैनिकास तक्रारच करतां येत नाहीं, असें नाहीं. त्याच सेना अधिनियमाच्या सव्विसाव्या कलमांत, शिपायानें आपल्यावर झालेल्या अन्यायाची दाद वरिष्ठांकडे कशी मागावी, हें सांगितलेलें आहे. मात्र ती त्यानें एकट्यानें, स्वतःपुरती मागावयाची. जेवण वाईट असेल तर ‘मला मिळणारें जेवण वाईट आहे’ असें म्हणावें. ‘आम्हां सर्वांना’ असें म्हणूं नये. दहा जणांनीं मिळून एका कागदावर सह्या केल्या, कीं तो अर्ज राहत नाहीं. शिस्तभंगाचा आरंभ ठरतो.

आणि हा मनुष्य येतो कोठून? ज्या गांवांत देवासमोर गाऱ्हाणें घातलें जातें त्या गांवांतून! नारळ पुढें ठेवून एक जण उभा राहतो, आणि सगळ्या गांवाच्या वतीनें देवास उद्देशून बोलूं लागतो. कोणाचें जनावर हरवलें, कोणाचें पोर परदेशीं गेलें, कोणाच्या हातून चूक झाली, तें सर्व पदरांत घे आणि रखवाली कर, असें तो सांगतो. आणि त्याच्या प्रत्येक वाक्यामागून भोंवतालचा जमाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणून दुजोरा देतो. एकानें बोलावें आणि सर्वांनीं त्यास होकार द्यावा, हीच येथील तक्रारीची जुनी रीत. लष्करांतली रीत नेमकी याच्या उलट. पंधरा-सतरा वर्षें जो ‘व्हय म्हाराजा’ ओठांच्या आंत दाबून ठेवावा लागला, तोच जेटीच्या कठड्यावर मोकळा होतो.

तक्रारीला वाट न ठेवल्यास काय होतें याचा धडा या किनाऱ्यास १९४६ सालीं मिळाला. त्या काळच्या हिंदी नौदलांत रत्नागिरी जिल्ह्यांतील दर्यावर्दी घराण्यांची, विशेषतः कोंकणी मुसलमानांची, भरती पिढ्यान्‌पिढ्यांची होती. आणि आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ च्या मे महिन्यापर्यंत रत्नागिरीचाच दक्षिण भाग होता. मुंबईच्या ‘तलवार’ या संदेशविद्येच्या शाळेंतील खलाशांचीं गाऱ्हाणीं आरंभीं मोठीं राजकीय नव्हतीं. निकृष्ट अन्न, गोऱ्या खलाशांच्या मानानें कमी पगार, आणि अधिकाऱ्यांच्या तोंडच्या अपमानकारक शिव्या. एकेकट्यानें केलेल्या तक्रारींकडे कोणी लक्ष दिलें नाहीं, तेव्हां १८ फेब्रुवारी रोजीं त्यांनीं अन्न नाकारलें. दोनतीन दिवसांत ही आग सुमारें ७८ जहाजांवर आणि २० किनारी ठाण्यांवर पसरली. जवळजवळ २०,००० खलाशी तींत सामील झाले. मुंबईच्या रस्त्यांवर गोळीबारांत दोनशेंहून अधिक माणसें मेलीं. सरदार पटेलांच्या सल्ल्यानें २३ फेब्रुवारीस उठाव थांबला. या घटनेचें राजकीय महत्त्व इतिहासकारांनीं पुष्कळ सांगितलें आहे. परंतु जेवणाच्या ताटाबद्दलचें गाऱ्हाणें वेळीं ऐकून घेतलें असतें तर काय झालें असतें, हा प्रश्न त्यांपैकीं थोड्यांनींच विचारला. जेटीवरचे खलाशी तोच आधीं विचारतात.

निवृत्त शिपायानें समाजाच्या प्रश्नांवर निर्भीडपणें बोलण्याची परंपरा कोंकणांत याहूनही जुनी आहे. एकोणिसाव्या शतकांत दापोलीचा कँप हें निवृत्त सैनिकांच्या वस्तीचें मोठें ठिकाण होतें. मुंबई इलाख्याच्या पलटणींत नोकरी करून परतलेलीं महार व चांभार समाजांतील पुष्कळ कुटुंबें तेथें राहत. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी हेही निवृत्तीनंतर कांहीं काळ दापोलीस होते. महाडजवळच्या रावढळ येथील गोपाळ बाबा वलंगकर १८८६ च्या सुमारास पलटणींतून निवृत्त झाले आणि दापोलीस येऊन राहिले. पलटणींत त्यांना वाचतां-लिहितां येऊं लागलें होतें, कवायतींत ते इतरांच्या खांद्यास खांदा लावून उभे राहिले होते. आणि घरीं परत आल्यावर पाहतात तों गांवची विहीर पूर्वींसारखीच बंद. त्यांनीं ‘दीनबंधु’सारख्या पत्रांतून लिहावयास आरंभ केला, आणि १८८८ सालीं अस्पृश्यतेच्या समर्थकांना प्रश्नामागून प्रश्न विचारणारी एक पुस्तिका काढली. पुढें इंग्रज सरकारनें ‘लढाऊ जाती’ नांवाचें एक खूळ डोक्यांत घेऊन महारांची भरती बंद केली, तेव्हां त्यांनीं आपल्या लोकांच्या वतीनें सेनाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. तो अर्ज तेव्हां फळला नाहीं. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ सालीं, बेळगांवांत. वलंगकर १९०० सालींच निवर्तले होते. परंतु ज्यानें आयुष्यभर ‘मी’ म्हणूनच तक्रार करावयाची, त्यानें निवृत्त होतांच ‘आम्ही’ म्हणून कागदावर सही केली, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. सैन्याच्या शिस्तीनेंच त्यांस नीट मुद्देसूद अर्ज लिहावयास शिकविलें, हाही त्यांतला एक गमतीचा भाग.

आतां आजच्या बोलण्याकडे वळूं. कठड्यावर सर्वांत अधिक वेळ खाणारा विषय म्हणजे ‘समान पद, समान निवृत्तिवेतन’. वर्तमानपत्रांतून हे शब्द शंभरदां वाचूनही शहरांतील पुष्कळांना त्यांचा नेमका अर्थ ठाऊक नसतो. समजा, एकाच पलटणींतले दोन हवालदार आहेत. दोघांची नोकरी सारख्याच वर्षांची, दोघेही एकाच पदावरून निवृत्त. पण एक १९९० सालीं घरीं आला व दुसरा २०१० सालीं. दरम्यान वेतन आयोगांनीं पगार वाढविले. निवृत्तिवेतन शेवटच्या पगारावर ठरतें, म्हणून जो मागाहून निवृत्त झाला त्यास अधिक आणि जो आधीं लढला त्यास कमी, अशी स्थिति उत्पन्न झाली. मुलकी नोकर साठीच्या घरांत निवृत्त होतो, म्हणून त्यास या फरकाची झळ थोडीं वर्षें सोसावी लागते. शिपाई पस्तीस-चाळिसाव्या वर्षीं घरीं येतो. त्याच्या बाबतींत ही तफावत चाळीस वर्षें वाढत जाते. १९७३ सालच्या तिसऱ्या वेतन आयोगानंतर सैनिकांच्या जुन्या सवलती गेल्या तेव्हांपासूनचें हें दुखणें. १५ जून २०१५ पासून दिल्लींत जंतरमंतर येथें माजी सैनिकांनीं धरणें धरलें. आयुष्यभर ज्यांनीं मोर्चे आवरले ते स्वतः रस्त्यावर बसलेले पाहून पुष्कळांस अवघडल्यासारखें झालें. ७ नोव्हेंबर २०१५ रोजीं सरकारनें आज्ञा काढली, आणि १ जुलै २०१४ पासून ही योजना लागू झाली.

इतक्यावर वाद संपावयास हवा होता, पण तो संपला नाहीं. निवृत्तिवेतनाची बरोबरी दर पांच वर्षांनीं करावयाची असें सरकारनें ठरविलें. माजी सैनिकांच्या संघटनेचें म्हणणें असें, कीं पगार वाढेल तेव्हांच ती आपोआप व्हावी, नाहीं तर मधल्या पांच वर्षांत पुन्हां अंतर पडणारच. हा दावा सर्वोच्च न्यायालयांत गेला. मार्च २०२२ मध्यें न्यायालयानें सरकारचें धोरण घटनाबाह्य नाहीं असा निर्णय दिला, परंतु १ जुलै २०१९ पासूनची फेरमोजणी मात्र करावयास लावली. कठड्यावरच्या मंडळींत यावर दोन तट आहेत. कांहींचें म्हणणें, मिळालें तें पदरांत घ्यावें, सरकारी तिजोरीही अथांग नाहीं. दुसरे म्हणतात, ‘समान’ या शब्दाचा अर्थ पांच वर्षांतून एकच दिवस खरा ठरत असेल तर तो शब्दच काढून टाका. गणित म्हणून पाहिलें तर दुसऱ्यांचें बरोबर आहे. व्यवहार म्हणून पाहिलें तर पहिल्यांचें. आणि या दोहोंच्या मध्यें विधवा बसतात. कारण पतीच्या निवृत्तिवेतनाच्या कागदांत जन्मतारखेची किंवा नांवाची एखादी जुनी चूक राहिलेली असेल, तर ती दुरुस्त करून घेतां घेतां त्यांची पायपीट होते. कठड्यावर त्या येत नाहींत. त्यांचे कागद मात्र कोणा ना कोणा सुभेदाराच्या पिशवींत असतात.

दुसरा विषय अग्निवीरांचा, आणि यावर आवाज चढतात. १४ जून २०२२ रोजीं जाहीर झालेल्या या योजनेप्रमाणें तरुणास चार वर्षांसाठीं सैन्यांत घेतात. पहिल्या वर्षीं महिना ३०,००० रुपये, चौथ्या वर्षीं ४०,०००. त्यांतील तीस टक्के कापून सरकारची तितकीच भर घालून, मुदतीअखेर व्याजासह सुमारें ११ लक्ष ७१ हजार रुपये हातीं द्यावयाचे. चौघांपैकीं फार तर एकास पुढें नियमित नोकरी; उरलेल्या तिघांस निवृत्तिवेतनही नाहीं आणि उपदानही नाहीं.

सेनादलें तरुण राहावींत, आणि संरक्षणाचा पैसा निवृत्तिवेतनापेक्षां शस्त्रांवर अधिक खर्च व्हावा, हा सरकारचा हेतु समजण्यासारखा आहे. कठड्यावरचे कांहीं निवृत्त अधिकारी तो उचलूनही धरतात. परंतु कोंकणाचा हिशेब निराळा आहे. या भूमींत जांभ्या दगडाचे सडे फार आणि भाताचीं खाचरें थोडीं. आंबा-काजू सर्वांच्या वांट्यास येत नाहीं. म्हणून घरटीं एक मुलगा मुंबईच्या गिरणींत आणि एक पलटणींत, अशी वांटणी कित्येक पिढ्या चालली. आंबोलीचा घाट चढला कीं पुढें बेळगांव, आणि बेळगांवास मराठा लाइट इन्फंट्रीचें केंद्र. घाटमाथ्यावरच्या चौकुळसारख्या गांवास लोक सैनिकांचें गांव म्हणूनच ओळखतात. गिरण्या १९८२ च्या संपानंतर बुडाल्या. मुंबईची मनिऑर्डर आटली. सैन्याची मात्र येत राहिली. पलटणींतून परतलेला चाळिशीचा हवालदार गांवांत येई तो निवृत्तिवेतन, शिस्त आणि देशाचा नकाशा बरोबर घेऊन. सोसायटीचा हिशेब तोच पाही, शाळेच्या मैदानावर पोरांना तोच धांवावयास लावी. आतां परत येणारा मुलगा बाविशी-तेविशीचा असेल. त्याच्याजवळ रक्कम असेल, उमेदही असेल. पण ती रक्कम दर महिन्यास येणारी नाहीं, आणि गांवांत स्थिर होण्याइतकें त्याचें वयही नाहीं. निमलष्करी दलांत त्यांच्यासाठीं जागा राखून ठेवण्याच्या घोषणा झाल्या आहेत. जुने सुभेदार त्यांवर एवढेंच म्हणतात, कीं पहिली तुकडी घरीं येऊन एक पावसाळा काढूं दे, मग बोलूं.

या सर्व चर्चेंत एखादा तांडेल बराच वेळ विड्या ओढीत गप्प बसलेला असतो. त्याची पाळी येते ती समुद्राचा विषय निघाल्यावर. २००८ सालच्या नोव्हेंबरांत मुंबईवर हल्ला करणारे अतिरेकी ‘कुबेर’ नांवाच्या गुजराती मासेमारी नौकेंतून आले, तिच्यावरील खलाशांना ठार मारून. त्यानंतर किनाऱ्यावर सागरी पोलीस ठाणीं वाढलीं, मच्छिमारांना ओळखपत्रें मिळालीं, नौकांना राज्यवार रंग ठरवून दिले गेले, आणि ‘सागर कवच’ नांवाच्या कवायती होऊं लागल्या. निवृत्त नौसैनिकाचें म्हणणें, तपासणी कडक पाहिजे. तांडेलाचें म्हणणें, तपासणी जरूर करा. पण सरंग्याच्या ऐन हंगामांत तासन्‌तास थांबवून ठेवलेला मच्छिमार दुसऱ्या खेपेस संशयास्पद होडी पाहून ती कळविण्यासाठीं थांबेल काय? परराज्यांतले मोठे ट्रॉलर रात्रीं येऊन मासळी उपसून नेतात, तेव्हां राखणदार कोठें असतात, हा त्याचा दुसरा प्रश्न. हे प्रश्न बोचक आहेत. परंतु किनाऱ्याचा पहिला डोळा मच्छिमाराचाच असतो, हें नौसैनिकही मान्य करतो.

आणि संकटांत पहिला हातही त्याचाच. नोव्हेंबर २००९ मध्यें ‘फयान’ वादळ आलें तेव्हां कित्येक नौका खोल समुद्रांत होत्या. इशारा त्यांच्यापर्यंत वेळेवर पोंचला नाहीं, आणि कोंकणांतले पुष्कळ मच्छिमार परत आले नाहींत. मे २०२१ मधील ‘तौक्ते’ वादळाच्या वेळीं इशारा दिवस राहून मिळाला होता, नौका बंदरांत आणल्या गेल्या होत्या. तरीही देवगडच्या बंदरांत नांगर तुटून नौका वाहून गेल्या व त्यांवरील खलाशांचा बळी गेला. त्याच वादळांत मुंबईच्या समुद्रांत तेलक्षेत्राजवळ पी-३०५ हा तराफा बुडाला. नौदलाच्या जहाजांनीं काळोखांत, खवळलेल्या पाण्यांतून १८० हून अधिक माणसें जिवंत बाहेर काढलीं; बाकीच्यांचीं प्रेतें निघालीं. जहाजाच्या कांठावरून जाळें सोडून माणसास वर घेणें म्हणजे काय, हें नौदलांत आयुष्य काढलेल्यांस समजावून सांगावें लागत नाहीं. बातमी दूरचित्रवाणीवर चालली असतां मालवणच्या घराघरांतून हे लोक नुसते पडद्याकडे पाहत बसले होते.

मे २०२२ मध्यें तारकर्लीस पर्यटकांची नौका किनाऱ्याजवळ उलटून दोघांचा जीव गेला, तेव्हांही पाण्यांत प्रथम उड्या टाकल्या त्या जवळच्या स्थानिक लोकांनीं. जीवरक्षकाची नोकरी बहुधा कंत्राटी आणि हंगामी. शिटी फुंकून त्याचा घसा बसतो, पण पुण्या-मुंबईचे पाहुणे कमरेइतक्या पाण्यांत काय होणार म्हणून हंसतात. होतें तें असें. लाटा सारखें पाणी किनाऱ्याकडे लोटीत असतात. तें पाणी परत जाण्यास वाळूच्या पट्ट्यांमधली एखादी खांच धरतें, आणि त्या खांचेंतून नदीसारखी ओढ निर्माण होते. वरून तें पाणी उलट शांत दिसतें, म्हणून अनभिज्ञ मनुष्य नेमका तेथेंच उतरतो. ओढींत सांपडलेला किनाऱ्याकडे सरळ पोहूं लागला तर दमून बुडतो. किनाऱ्यास समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर आला तर वांचतो. हें दोन ओळींचें ज्ञान प्रत्येक शहरी घरांत असावें, असें कठड्यावरचे लोक म्हणतात, आणि तें खरें आहे.

नौदलाच्या लोकांस अधिक लागलेली गोष्ट वेगळी आहे. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्रीं भारतीय नौकांनीं कराचीवर हल्ला केला, त्या स्मरणार्थ नौदल दिन पाळला जातो. २०२३ सालीं तो दिवस मालवणांत साजरा झाला. शिवाजीमहाराजांनीं १६६४ सालीं पाया घातलेल्या सिंधुदुर्गासमोर, राजकोटावर, महाराजांचा पुतळा उभारला गेला. तो पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजीं कोसळला. राजकीय पक्षांनीं त्यावर जें बोलावयाचें तें बोलून झालें, आणि मे २०२५ मध्यें त्याच जागीं ६० फूट उंचीचा नवा पुतळाही उभा राहिला. परंतु ज्यांनीं वीस वर्षें जहाजांवर पहांटे उठून गंज खरवडला आणि रंगाचा हात दिला, त्यांचें बोलणें निराळें होतें. खाऱ्या वाऱ्यांत लोखंड किती दिवस टिकतें आणि त्याची निगा कशी ठेवावी लागते, हें आम्हांस कोणी विचारलें असतें तर फुकट सांगितलें असतें, असें ते म्हणत. त्यांत राग थोडा होता. उपेक्षेचें दुःख अधिक.

येथपर्यंतचें बोलणें मोठ्यानें होतें. त्यापुढचें हळू आवाजांत होतें, आणि कित्येकदां होतच नाहीं. पाण्यांतून तिसऱ्या दिवशीं बाहेर काढलेलें पोर, आंबोलीच्या दरींतून दोराच्या साहाय्यानें वर आणलेला देह, सीमेवर शेजारच्या खंदकांतून हांक देणारा आणि मग न देणारा सोबती, या गोष्टी घरीं बायकोमुलांसमोर कोणी काढीत नाहीं. पहिल्या महायुद्धांत अशा मनोव्यथेनें जर्जर झालेल्या शिपायांस पाहून चार्ल्स मायर्स या डॉक्टरानें १९१५ सालीं ‘शेल शॉक’ हा शब्द वैद्यकीय मासिकांत आणला. तोफगोळ्याच्या दणक्यानें मेंदूस इजा होते, अशी तेव्हां समजूत होती. पुढें कळलें, कीं गोळा जवळ न फुटलेल्यांसही तोच विकार होतो. दुसऱ्या महायुद्धांत बर्मिंगहॅमजवळच्या नॉर्थफील्ड येथील लष्करी रुग्णालयांत डॉक्टरांनीं शिपायांस एकेकटें न तपासतां एकत्र बसवून बोलतें करण्याचा प्रयोग केला. आजच्या समूहोपचारपद्धतीच्या मुळांपैकीं तें एक.

मग विचार निघाला, कीं बोलणें जर औषध आहे तर तें प्रत्येकास ताबडतोब पाजावें. १९८३ मध्यें जेफ्री मिचेल या अमेरिकन तज्ज्ञानें, जो स्वतः पूर्वीं अग्निशामक दलांत होता, अपघातानंतर लगेच मदतनीसांस एकत्र बसवून प्रसंग सांगावयास लावण्याची पद्धति मांडली. ती जगभर पसरली. परंतु पुढें २००२ च्या सुमारास निरनिराळ्या चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हां असें दिसून आलें, कीं आघातानंतर लगेच एकाच बैठकींत माणसास बोलावयास लावल्यानें पुढचा मनोविकार टळत नाहीं, आणि कांहींच्या बाबतींत उलट अपायच होतो. जखम आपणहून उघडी करणें निराळें आणि दुसऱ्यानें पट्टी ओढून काढणें निराळें. ज्यानें तसाच प्रसंग पाहिलेला आहे अशा माणसाची सोबत, बोलण्याची सक्ति नाहीं आणि बोललास तर हंसणार नाहीं याची खात्री, इतकें मिळालें तर पुष्कळांचें भागतें. ज्यांचें तेवढ्यानें भागत नाहीं, ज्यांची झोंप उडते किंवा दारू वाढते, त्यांनीं डॉक्टराकडे गेलेंच पाहिजे. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही सरकारी दूरध्वनिसेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू झाली, आणि सैनिकांसाठीं तिचा खास कक्ष १ डिसेंबर २०२३ रोजीं पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयांत उघडला गेला. कठड्यावरचे जुने लोक प्रथम या गोष्टींची थट्टा करीत. अलीकडे एखादा सुभेदार आपल्या माणसास क्रमांक लिहून देतांना दिसतो, मात्र बाकीच्यांचें लक्ष नाहीं असें पाहून.

दुपार कलली, कीं बैठक मोडते. शेवटची किल्ल्याकडची होडी परत येते, एस्‌. टी. ची वेळ होते, कोणी कागदाची पिशवी उचलतो, कोणी चपला शोधतो. त्या कठड्याच्या टोंकाशीं बहुतेक वर्षीं एक जण असतो, जो सकाळपासून आलेला असून एक शब्द बोललेला नसतो. त्याचा चहा न विचारतां मागविला जातो. त्यास कोणी कांहीं पुसत नाहीं. निघतांना कोणी तरी त्याची एस्‌. टी. कोणती तें पाहतो, आणि ती आपल्या वाटेवरची नसली तरी त्याच्याबरोबर थांब्यापर्यंत चालत जातो.